मागचा तिसरा

साडेसातला कुकरची दुसरी शिट्टी होते
आणि मिहिकाचं कार्टून लागतं.
एक कासव, एक मुंगूस, एक चष्मेवाली खार.
शाळा जंगलात, तरी तिथं घंटा आहे, गणवेश आहे,
आणि जिन्याखाली उभे असतात
तीन तरस.

आज तरसांनी कासवाचा डबा पळवलाय.
मिहिका मांडी घालून नखं कुरतडतेय.
मी उद्यमनगरातून नुकताच आलोय,
बोटांना साबण लावून झाला तरी ग्रीसचा वास.
मला माहीत आहे, बावीस मिनिटांत सगळं मिटणार:
खार नकाशा काढेल, मुंगूस दोर ताणेल,
मोठा तरस चिखलात आपटेल आणि रडत सांगेल
की घरी त्याला कुणी विचारत नाही.
मग सगळे मिळून केक.

"पप्पा, त्यो मागचा बघा की."
कुठला?
"तिसरा. कायच करत न्हाई.
नुसती दप्तरं धरतोय आन् हसतोय."

हसतोय खरा.
आधी दोघांच्या तोंडाकडे बघतो, मग हसतो,
एक क्षण उशिरा.
तो क्षण केवढा असतो
ते मी व्हर्निअर लावून सांगू शकतो.

आमच्या शाळेला जिना नव्हता.
रंकाळ्याचा कठडा होता.
शाळा सुटली की रणज्या आणि शिरप्या त्यावर चढून बसायचे
आणि दोघांची दप्तरं माझ्या खांद्यावर.
दयानंद त्याच वाटेनं यायचा,
बापानं शिवलेलं नवं पायताण घालून.
इतकं करकरायचं ते
की पोरगं दिसायच्या आधी ऐकू यायचं.
लपायची सोयच नव्हती त्याला.

"नवं हाय व्हय रं? काढ की. बघू दे जरा."
हातात तोलायचे, नाकाशी न्यायचे, तोंडं वाकडी करायचे.
कसला वास, ते कुणी बोलत नव्हतं.
कळत सगळ्यांना होतं.

एका शनिवारी शिरप्यानं डावं पायताण भिरकावलं.
बुडलं नाही.
केंदाळावर जाऊन बसलं, सरळ,
पाहुण्यानं दारात काढून ठेवावं तसं.
ते हसले.
मग मी.

दयानंद उजवं काखेत मारून गेला,
तापलेल्या डांबरावरून, टाचा उचलत.
आठवडाभर ते तिथंच दिसत होतं.
मग एक दिवस केंदाळच सरकलं पलीकडे.
कुठली खार आली नाही. नकाशा कुणी काढला नाही.
नववीला त्याचं नाव हजेरीत नव्हतं
आणि मी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत चप्पल लाइनीत गेलो, कापशी घ्यायला.
दोन दुकानं सोडली, तिसऱ्यात शिरलो.
त्यानं माझी टाच तळहातावर घेतली,
पट्टी लावली, म्हणाला, "नऊ."
मग मान वर केली. केस पांढरे, डोळे तेच.
"करकरणारी पायजे, का बिनआवाजी?"

बिनआवाजी, मी म्हणालो.
उरलेले पैसे घ्यायला थांबलो नाही.
वळणापर्यंत मागनं हाक येत होती:
"ओ साहेब! ऐंशी रुपये ऱ्हायले तुमचे!"
त्यानं ओळखलं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.
ती चप्पल कपाटावर आहे, पुठ्ठ्याच्या खोक्यात.

पडद्यावर केक आला.
मोठा तरस रडून झाला, दुसऱ्यानं माफी मागितली, सुटला.
तिसरा चौकटीच्या कडेला.
चित्र काढणारा विसरला असावा,
त्याच्या खांद्यावर दप्तरं अजून तशीच आहेत.

"ह्याचं नाव काय गं?"
"त्याला नावच न्हाई, पप्पा.
पयल्या भागापास्नं न्हाई."

आतून हाक येते, ताटं घेतलीत.
मिहिका उठून जाते.
पांढऱ्या बारीक अक्षरांत नावं वर सरकू लागतात,
कुणाचा आवाज, कुणाचे रंग,
आणि मी ती वाचत बसतो,
शेवटपर्यंत.